दक्षिणेतील बेसबॉल, घरचे संस्कार आणि वर्णद्वेष

चॅटाहूचीकाठ (धागा सुरू)

अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांनी एकत्र पत्ते, फासे, डॉमिनो किंवा चेकर्स खेळणे हा शहराच्या नियमानुसार गुन्हा होता, आणि १९५० मध्ये या यादीत बेसबॉल, फुटबॉल व बास्केटबॉल यांचीही भर पडली. शाळा वेगळ्या, बसमधील जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, हे आपण सर्वांनी वाचलेले असते. परंतु दोन माणसांनी एका पटावर सोंगट्या सरकवू नयेत म्हणून कोणीतरी बसून कायद्याचे कलम लिहिले असेल, याची मला जॉर्जियात राहायला येईपर्यंत कल्पना नव्हती. खेळाची एवढी धास्ती का वाटावी, या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले आहे, आणि त्याचे उत्तर मैदानापेक्षा घरात शोधावे लागेल, असे मला वाटते.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेस फोर्साइथ काउंटीत राहतो. आज इथे भारतीय किराणा मालाची दुकाने आहेत, गणपती बसतात, रविवारी मुलांची मराठी शाळा भरते. याच काउंटीतून १९१२ मध्ये हजाराहून अधिक कृष्णवर्णीय रहिवाशांना रात्री-अपरात्री धमकावून, घरे-चर्च जाळून हाकलून देण्यात आले होते, आणि त्यानंतर कित्येक दशके इथे जवळजवळ कोणीही कृष्णवर्णीय माणूस राहत नव्हता. १९८७ च्या जानेवारीत नागरी हक्क चळवळीतील नेते होझिया विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली इथे एक छोटा मोर्चा निघाला, तेव्हा त्याच्यावर दगड आणि बाटल्या फेकल्या गेल्या. पुढच्याच आठवड्यात सुमारे २०,००० माणसे कमिंग गावात चालत आली. ही माहिती घर दाखवणारा दलाल अर्थातच देत नाही.

माझ्या मुलाला बेसबॉलची गोडी लावली ती आमच्या शेजारच्या आजोबांनी. ते गोरे आहेत, वय ऐंशीच्या घरात आहे, आणि त्यांचे बालपण बर्मिंगहॅममध्ये गेले. ग्लव्हला तेल कसे लावायचे, तो रात्रभर चेंडू घालून कसा बांधून ठेवायचा, स्कोअरकार्ड पेन्सिलनेच का भरायचे, हे सारे त्यांनी माझ्या मुलाला शिकवले, आणि प्रत्येक गोष्ट सांगताना ‘हे मला माझ्या वडिलांनी शिकवले’ असे ते आवर्जून म्हणतात. वडील त्यांना रिकवूड फील्डवर घेऊन जात. हे मैदान १९१० साली सुरू झाले आणि आजही उभे आहे. तिथे बर्मिंगहॅम बॅरन्स हा गोऱ्यांचा संघ खेळे, आणि तो बाहेरगावी गेला की त्याच खेळपट्टीवर ब्लॅक बॅरन्स हा कृष्णवर्णीयांचा संघ उतरे. १९४८ मध्ये शाळेत शिकणारा सतरा वर्षांचा विली मेज याच ब्लॅक बॅरन्सकडून खेळत होता. त्याचे वडीलही पोलादाच्या गिरणीच्या संघातून खेळत असत, म्हणजे त्या घरातही खेळ बापाकडूनच मुलाकडे आला होता. प्रेक्षकांच्या जागा मात्र दोन्ही संघांच्या सामन्यांत वर्णानुसार वेगळ्याच राहत.

शेजारच्या आजोबांच्या वडिलांनी तरुणपणी बॅरन्सचे सामने रेडिओवर ऐकले होते, आणि तो आवाज होता बुल कॉनर यांचा. तारेने आलेल्या चार-दोन शब्दांवरून स्टुडिओत बसून अख्खा सामना डोळ्यांपुढे उभा करणारा हा समालोचक घराघरांत इतका लोकप्रिय झाला, की त्या लोकप्रियतेवर तो राजकारणात शिरला आणि १९३७ मध्ये शहराचा सुरक्षा आयुक्त म्हणून निवडून आला. १९६३ च्या मे महिन्यात शाळकरी मुलांच्या मोर्चांवर पाण्याचे झोत आणि पोलिसी कुत्री सोडणारा कॉनर तो हाच. संध्याकाळी ज्या आवाजाभोवती घर जमत होते, त्या आवाजाचा माणूस उद्या काय आदेश देईल याची त्या घरांना चिंता वाटली नाही, कारण त्याची मते त्या घरांना परकी नव्हतीच.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बॅरन्स ज्या सदर्न असोसिएशन नावाच्या लीगमध्ये खेळत, तिने कृष्णवर्णीय खेळाडूंना अखेरपर्यंत दार उघडले नाही. १९५४ मध्ये अटलांटाच्या संघातून नॅट पीपल्स हा एकच खेळाडू दोन सामन्यांपुरता दिसला, तेवढाच अपवाद. १९६१ च्या मोसमानंतर ती लीगच संपली, आणि पुढची दोन वर्षे बर्मिंगहॅमला संघच नव्हता. आजोबा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होते. संघ का गेला, असे त्यांनी विचारले तेव्हा वडील म्हणाले, ‘त्यांच्यामुळे.’ ते एक सर्वनाम आजोबांच्या मनात पुष्कळ वर्षे टिकले, असे त्यांनी मला स्वतः सांगितले. ज्यांना कधी खेळूच दिले नाही, त्यांच्यामुळे संघ बुडाला हे एका मुलाला पटले, कारण स्कोअरकार्ड भरायला शिकवणाऱ्या माणसाने ते सांगितले होते.

म्हणून मला वाटते की खेळाविरुद्धचे ते कलम मोठ्या माणसांसाठी नव्हतेच. घरात शिकवलेली गोष्ट मैदानावर खोटी ठरू नये, यासाठी ते होते. आपल्यापैकी जे दक्षिणेत राहतात किंवा राहिले आहेत, त्यांचे यावर काय अनुभव आणि काय विचार आहेत, ते वाचायला आवडेल.

माजी_स्कोअरर

धागा उत्तम आहे. पुण्यात बसून हे वाचताना पळवणकर बंधूंची आठवण होणे अपरिहार्य आहे. चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू पुण्यातील युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची देखभाल करत आणि जे. जी. ग्रेग यांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी टाकत. गोऱ्या साहेबाला चकवणारा हा गोलंदाज हिंदूंच्या संघाला हवा तर होता, पण मैदानावर ज्याच्या हातचा चेंडू चालत होता त्याला चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळत होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, धाकटे शिवराम त्याच दौऱ्यावर होते, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये भावांनी याच कारणाने संघातून माघार घेतली, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले तेव्हा त्या घराला न्यायाचा थोडासा अंश मिळाला. चार भावांचे ते घर आणि आपण वर्णन केलेले बर्मिंगहॅम यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

सावरी

माजी_स्कोअरर, आपण दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु अंतर फारसे नाही हे मला मान्य नाही, आणि ते अंतर नीट पाहिले तर धागाकर्तीचा मुद्दा अधिक पक्का होतो, असे वाटते.

पुण्यात बाळूंना खेळण्यास बंदी नव्हती. बंदी होती ती सहभोजनाला. बर्मिंगहॅममध्ये नेमके उलटे होते. गोऱ्यांच्या घरात स्वयंपाक करणारी बाई कृष्णवर्णीय, मुलांना न्हाऊ-माखू घालणारी, झोपवणारी बाई कृष्णवर्णीय. तिच्या हातचे खाण्यात कोणालाच अडचण नव्हती. अडचण होती ती दोघांना एकच नियम लागू होण्याची. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले की गोराही बाद आणि काळाही बाद, आणि निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. स्वयंपाकघरात वर-खाली ठरलेले असते, मैदानावर ते दर डावाला नव्याने ठरते. दक्षिणेतील गोऱ्या समाजाला धास्ती होती ती या बरोबरीची.

अर्थात सोवळेही होतेच. हँक अ‍ॅरन १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल संघाकडून खेळत असताना संघ वॉशिंग्टनच्या एका उपाहारगृहात जेवला, आणि जेवण उरकताच आतून त्यांची ताटे फोडल्याचा आवाज आला. ‘त्या ताटांत कुत्री जेवली असती, तर ताटे नुसती धुतली असती,’ अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले आहे.

रानवारा

मला बेसबॉलचे काही कळत नाही, पण एक शंका आहे. शेजारच्या आजोबांबद्दल लिहिताना आपली लेखणी फार मऊ झालेली दिसते. ग्लव्हला तेल लावणे शिकवले म्हणून त्या घराने जे केले त्याकडे आपण सहानुभूतीने पाहायचे का? ज्या मुलांना त्या मैदानावर पाऊल ठेवता आले नाही, त्यांचीही घरे होती. या धाग्यात आत्तापर्यंत त्या घरांबद्दल फारच थोडे आले आहे.

मोबील_मुक्कामी

रानवारा यांची तक्रार रास्त आहे, म्हणून त्यांपैकी एका घराबद्दल लिहितो. नोकरीनिमित्त मी अलाबामातील मोबील शहरात राहतो, आणि हँक अ‍ॅरन यांचा जन्म इथलाच, ५ फेब्रुवारी १९३४ चा. वडील हर्बर्ट यांनी टुलमिनव्हिल भागात जुन्या लाकडांतून स्वतः घर उभे केले. आई एस्टेला हिने मुलांना सांगून ठेवले होते की कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे लोक रस्त्याने जाऊ लागले की पलंगाखाली जाऊन लपायचे. म्हणजे शेजारच्या आजोबांना जसे घराने शिकवले तसे या मुलालाही घरानेच शिकवले, फक्त इथला धडा जिवंत राहण्याचा होता. १९४८ मध्ये मोठ्या लीगमधील (मेजर लीग) वर्णबंदी मोडणारे जॅकी रॉबिन्सन मोबीलला आले तेव्हा शाळा बुडवून चौदा वर्षांचा हँक त्यांचे भाषण ऐकायला गेला होता.

१९५३ मध्ये अ‍ॅरन, फेलिक्स मँटिया आणि होरेस गार्नर यांनी जॅक्सनव्हिलच्या संघातून दक्षिणेतील सॅली लीग या छोट्या लीगमधील वर्णभेद मोडला. जॉर्जिया, कॅरोलिना, अलाबामा या राज्यांतून फिरताना संघातील गोरे खेळाडू हॉटेलात उतरत आणि हे तिघे कृष्णवर्णीय वस्तीतील कोणाच्या तरी घरी. मैदानावर शिव्या, बसमध्ये आणून दिलेले जेवण, आणि मोसम संपला तेव्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू अ‍ॅरन. त्यांच्या वाटेवर ज्या घरांनी त्यांना जेवू घातले, त्यांची नोंद कोणत्याही स्कोअरकार्डावर नाही.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. १९७३ चा मोसम संपला तेव्हा अ‍ॅरन यांचे ७१३ होम रन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून काढलेली धाव) झाले होते, बेब रूथच्या विक्रमाला एक कमी. त्या वर्षी त्यांना नऊ लाखांहून अधिक पत्रे आली. पुष्कळशी कौतुकाची होती. पण जिवे मारण्याच्या धमक्या इतक्या होत्या की त्यांच्यासोबत सतत अंगरक्षक असे, आणि नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीच्या अपहरणाच्या धमकीमुळे तिच्यावरही पहारा ठेवावा लागला. खेळाडूला घाबरवायचे तर त्याच्या लेकरावर जायचे, ही त्या द्वेषाची रीत होती. ४ एप्रिल १९७४ ला सिनसिनाटीत सामना होता. तो मार्टिन ल्यूथर किंग यांचा स्मृतिदिन असल्याने अ‍ॅरन यांनी क्षणभर शांतता पाळण्याची विनंती केली, ती मान्य झाली नाही. त्याच दिवशी त्यांनी ७१४ वा होम रन मारला, आणि ८ एप्रिलला अटलांटात अल डाउनिंगच्या चेंडूवर ७१५ वा. बेसवरून धावताना दोन अनोळखी तरुण मैदानात घुसून त्यांच्या पाठीवर थाप मारताना जुन्या चित्रफितीत दिसतात. ते चाहते निघाले, पण त्या क्षणी हे कोणाला ठाऊक असणार? होम प्लेटपाशी आई पोहोचली आणि तिने त्यांना जी मिठी मारली, ती धमक्यांची पत्रे आल्याचे ठाऊक असलेल्या आईची मिठी होती.

त्यांचे भाऊ टॉमी हेही मोठ्या लीगमध्ये खेळले. दोघांचे मिळून ७६८ होम रन होतात, त्यांतील १३ टॉमींचे. भावांच्या जोडीत हा विक्रम त्यांच्या नावावर आहे. माझ्या पत्नीला हा विक्रम सगळ्यांत आवडतो, कारण त्यात धाकट्याचाही वाटा मोजलेला आहे.

सावरी

अनेक घरांनी तर दक्षिण सोडण्याचाच मार्ग धरला, हेही इथे नोंदवते. जॅकी रॉबिन्सन यांचा जन्म १९१९ मध्ये जॉर्जियातील कैरो गावाजवळ झाला. वर्षभराने त्यांची आई मॅली पाच मुलांना घेऊन रेल्वेने कॅलिफोर्नियाला निघून गेली. जॉश गिब्सन हेही जॉर्जियाचेच, पण ते बेसबॉलपटू म्हणून घडले पिट्सबर्गमध्ये. २०२४ मध्ये निग्रो लीगची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगची, आकडेवारी मुख्य विक्रमांत समाविष्ट झाली, तेव्हा कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन ०.३७२ ने पहिले आले आणि जॉर्जियाचेच गोरे खेळाडू टाय कॉब ०.३६७ ने दुसरे. एका राज्यात जन्मलेली ही दोन माणसे एका यादीत यायला त्यांच्या मृत्यूनंतर साठहून अधिक वर्षे लागली.

चार्ल्सटनची_खाडी

मुलांच्या खेळाचा विषय निघाला आहे, म्हणून माझ्या चार्ल्सटन शहरातील १९५५ ची हकीकत सांगणे भाग आहे. इथल्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएने कृष्णवर्णीय मुलांचा लिटल लीग संघ स्पर्धेसाठी नोंदवला. मुले अकरा-बारा वर्षांची होती. त्यांच्याशी खेळावे लागू नये म्हणून दक्षिण कॅरोलिनातील गोऱ्या मुलांच्या ६१ लीगांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. प्रतिस्पर्धीच न उरल्याने या मुलांना राज्याचे विजेतेपद न खेळता मिळाले, आणि मग ‘तुम्ही प्रत्यक्ष सामने जिंकलेले नाहीत’ असे कारण देऊन जॉर्जियातील पुढच्या फेरीत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. आधी खेळू द्यायचे नाही आणि नंतर खेळला नाहीत म्हणून अडवायचे, यातील क्रौर्य मला त्या ६१ लीगांच्या बहिष्कारापेक्षाही अधिक बोचते. विल्यम्सपोर्टच्या अंतिम स्पर्धेला त्यांना पाहुणे म्हणून बोलावले. ती मुले मैदानावर सरावाला उतरली तेव्हा प्रेक्षकांतून ‘त्यांना खेळू द्या’ अशा घोषणा झाल्या, पण मुलांना अखेर सज्जात बसून इतरांचे सामने पाहावे लागले.

आता हे लक्षात घ्या की ६१ लीगांमधून अंग काढून घेण्याचा निर्णय एकाही मुलाने घेतलेला नव्हता. तो पालकांनी घेतला, प्रशिक्षकांनी घेतला, आणि पुढे दक्षिणेत गोऱ्या मुलांसाठी वेगळी संघटनाही त्यांनीच उभी केली. त्याच ऑगस्टमध्ये फ्लोरिडात मात्र पेन्साकोलाच्या कृष्णवर्णीय मुलांविरुद्ध ऑर्लँडोची गोरी मुले खेळली. ऑर्लँडोने सामना जिंकला, आणि आकाश कोसळले नाही.

दोन_अंगणे

मी कॉब काउंटीत राहते. २०१७ पासून ब्रेव्हज हा अटलांटाचा संघ शहरातले मैदान सोडून आमच्या काउंटीत खेळू लागला, त्याचा आम्हा भारतीय कुटुंबांना आनंदच झाला, कारण मैदान जवळ आले. परंतु ही काउंटी १९६५ च्या मतदानापासून अटलांटाच्या मेट्रो रेल्वेला बाहेर ठेवत आली आहे, आणि त्या नकारामागे शहरातून कोण येईल ही भीती होती, हे इथले जुने लोक खाजगीत कबूल करतात. ज्या शहरात अ‍ॅरन यांनी ७१५ वा मारला, तिथल्या गाडी नसलेल्या माणसाला आज ब्रेव्हजचा सामना पाहायला येणे अवघड आहे.

आपल्या मंडळींबद्दलही बोलायला हवे. मुलांना कोणत्या ट्रॅव्हल टीममध्ये घालावे याची चर्चा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर चालते, तेव्हा ‘तो भाग चांगला नाही’, ‘तिकडचे पालक वेगळे असतात’ अशी वाक्ये अगदी सहज येतात. भाग कोणता आणि पालक कोणते, हे कोणी उच्चारत नाही, पण सर्वांना समजते. त्याच्या जोडीला पैसाही आहे: प्रवास, हॉटेल, खाजगी प्रशिक्षक हे सारे धरले तर हा खेळ आता सुखवस्तू घरांचा झाला आहे. मोठ्या लीगमध्ये अमेरिकी कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्रमाण १९९१ मध्ये १८ टक्के होते, ते २०२४ मध्ये सहा टक्क्यांवर आले. याची कारणे अनेक आहेत, परंतु कलम काढून टाकल्यावरही मुले वेगवेगळ्याच मैदानांवर खेळत असतील, तर आपण कोणत्या बाजूच्या मैदानावर सहज जाऊन बसलो, याचा विचार आपल्या घरांनी करायला हवा.

चॅटाहूचीकाठ

सर्वांचे आभार. सावरी यांनी सोवळे आणि बरोबरी यांत केलेला फरक मला स्वतःला सुचला नव्हता.

रानवारा, आपल्या शंकेचे उत्तर देते. जून २०२४ मध्ये विली मेज यांच्या निधनानंतर दोनच दिवसांनी रिकवूड फील्डवर मोठ्या लीगचा सामना झाला. तो पाहायला आजोबांनी माझ्या मुलाला आणि आपल्या नातवाला घरी बोलावले होते, मीही होते. सामन्याआधी रेजी जॅक्सन या नामवंत कृष्णवर्णीय माजी खेळाडूंना विचारण्यात आले की या मैदानावर परत येऊन कसे वाटते. १९६७ मध्ये ते बर्मिंगहॅमच्या संघात होते. आपल्याला उपाहारगृहातून आणि हॉटेलातून कसे हाकलले जाई, ते कोणती शिवी देत, हे त्यांनी त्या थेट प्रक्षेपणात आडपडदा न ठेवता सांगितले, आणि गोऱ्या सहकाऱ्यांचा व प्रशिक्षकाचा आधार नसता तर आपण टिकलो नसतो, असेही सांगितले. आजोबांनी दूरचित्रवाणी बंद केली नाही. नातवाने विचारले तेव्हा ते कलम, तो संघ का संपला, हे सगळे त्यांनी त्याला सरळ सांगितले. वडिलांचे ‘त्यांच्यामुळे’ हे वाक्यही सांगितले आणि ते खोटे होते, असेही म्हणाले. मात्र शेवटी त्यांनी एक पुस्ती जोडली: ‘ते दिवसच तसे होते.’

ही पुस्ती मी स्वीकारत नाही, आणि हे मी त्यांना तिथेच सांगितले. १९५४ च्या जानेवारीत बर्मिंगहॅमच्या नगर आयोगाने खेळांपुरती बंदी उठवली होती. दिवस तसे नसते तरी चालले असते, याची ती संधी होती. जूनमध्ये त्यावर सार्वमत घेतले गेले आणि मतदारांनी मोठ्या बहुमताने बंदी परत आणली. त्या मतदारांत त्यांचे वडील होते. ते कसे मत देऊन आले, हे आजोबांना ठाऊक आहे. त्यांनी ते मला सांगितले, आणि नातवालाही सांगावे असा माझा आग्रह आहे. यावर आमचा वाद अजून चालू आहे, आणि मुलाचा सराव त्यांच्याच अंगणात चालू आहे.

माजी_स्कोअरर

त्या सार्वमताबद्दल एक भर घालतो. अलाबामात तेव्हा मतदानासाठी कर भरावा लागे आणि नोंदणी अधिकारी कृष्णवर्णीयांना नाना कारणांनी परत पाठवत, त्यामुळे त्या जूनमध्ये मत देणाऱ्यांत बहुसंख्य गोरेच होते. ज्यांच्या मुलांना मैदानावरून दूर ठेवायचे की नाही हे ठरत होते, त्यांतील बहुतेक आईबापांना त्या मतदानात मतच नव्हते. आजोबांशी पुढचा वाद होईल तेव्हा हेही मांडावे.